तिसरं प्रूफ

ठाकुरद्वारच्या छापखान्यात माझी खुर्ची
पश्चिमेच्या खिडकीला खेटून होती. बत्तीस वर्षं.
अडीचनंतर ऊन यायचं,
आधी खिळ्यांच्या खणांवर, मग ओल्या गॅलीवर,
मग माझ्या डाव्या कानावर बसायचं
ते समोरच्या इमारतीच्या टाकीमागे जाईपर्यंत.
उजेड फुकटचा, म्हणून मालकांनी दिवा दिला नाही.
मीही मागितला नाही.

आता कानाच्या वरच्या कडेवर
मोत्यासारखा एक दाणा आहे.
टॉवेल लागला की सोलतो, खपली धरतो, पुन्हा सोलतो.

परळला डॉक्टर मुक्ता नाबर
माझ्याच कानाचा काप स्क्रीनवर दाखवतात.
जांभळ्या ठिपक्यांची दाटी,
गुलाबी मोकळ्या जागेत घुसलेली.
मी म्हणालो, मजकूर समासात गेलाय.
त्या म्हणाल्या, अगदी तसंच.

मग पॅडवर काढून सांगितलं:
पेशीच्या आत चारच अक्षरांची भाषा.
उन्हातला न दिसणारा भाग लागला
की शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात,
शाई जास्त झाल्यावर दोन खिळ्यांचा एक डाग उमटावा तशी.
"आत कुणी वाचणारं नाही का?"
आहेत ना. रात्रंदिवस.
चिकटलेला तुकडा कापतात,
समोरची ओळ बघून बरोबर अक्षरं बसवतात.
एका दुपारी एका पेशीत हजारो चुका,
बहुतेक सापडतात.

बहुतेक.
हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

सत्त्याऐंशी सालच्या दिनदर्शिकेत
पाच सप्टेंबरच्या चौकटीत
मी 'शिक्षक दीन' जाऊ दिलं.
एका वेलांटीची काय ती दिशा.
डोळे दिपले होते की जेवण जड झालं होतं, आठवत नाही.
पाच हजार प्रती. कुणी बोललं नाही.
पुढच्या वर्षी जुळाऱ्याने जुनं पान समोर ठेवून नवं जुळवलं,
त्याच्या पुढच्या वर्षी त्यावरून.
तोवर त्या चुकीचाच मजकूर झाला होता.
चौथ्या वर्षी एक निवृत्त मास्तर
कॅलेंडरची सुरळी काखेत घेऊन आले,
म्हणाले, बदलू नका, बरोबर आहे.

मग खिळे किलोवर गेले, ऑफसेट आलं,
आणि लग्नपत्रिका चकाकवायला एक यंत्र,
त्याच्या फटीतून जांभळा उजेड गळायचा.
शाई डोळ्यांदेखत वाळायची.
जनार्दन शेलटकर त्यावर नऊ वर्षं होता,
चष्मा कपाटात, वेष्टनासकट.
रात्री म्हणायचा, डोळ्यांत आख्खी चौपाटी गेलीय.
त्याच्या मनगटांवरच्या डागांचं मी सांगितलं.
त्या म्हणाल्या, घेऊन या.

आम्हीही लावतो तसला दिवा, त्या म्हणाल्या,
ऑपरेशनची खोली रिकामी झाली की.
जंतूंच्या मजकुरात इतक्या चुका करून ठेवतो
की त्यांना पुढची प्रत काढताच येत नाही.
मला जंतूंबद्दल क्षणभर वाईट वाटलं.
धंद्याची सवय.

संमतीपत्रावर 'शस्त्रक्रीया' छापलं होतं.
खिशातली पेन्सिल काढून
समासात ऱ्हस्वाची खूण केली, मग सही.
नर्स म्हणाली, काका, बारा वर्षं हाच फॉर्म चाललाय.
दर वेळी जुन्यावरून काढतो.

बुधवारी कानाची कड कापणार,
चार मिलिमीटर, सगळीकडून.
कापलेला तुकडा पुन्हा वाचायला जाईल.
समास कोरा आला तर ठीक.

बाहेर चार वाजलेले.
कठड्यापाशी, पिंपळाच्या सावलीत उभा राहून
रिपोर्ट उघडला.
अक्षर फार बारीक, डोळे जुने,
तिथल्या उजेडात ओळ लागेना.
कागद घेऊन
दोन पावलं उन्हात गेलो.